अस्तरातला खिसा

१

टाके उलटे पडले होते.

सकाळचे सात वाजले होते. शिवणकाकू पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. मोठी पिशवी पुढ्यात, तिचं काळं अस्तर बाहेर ओढलेलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उद्या लागणारी एक वस्तू काढायला म्हणून त्यांनी अस्तर हातात घेतलं काय आणि काळजाचा ठोका चुकला काय! काळ्या कापडावर काळा दोरा, जेमतेम चार बोटांची शिवण. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जी बाई एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आली, तिला स्वतःचा टाका ओळखू येणार नाही होय?

हातशिलाईचं असं असतं, की उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका एका अंगाला कलतो आणि डावऱ्याचा दुसऱ्या. कापड वरचं खाली करा, खालचं वर करा, त्यात बदल होत नाही. काकू उजव्या हाताच्या. हे टाके डावऱ्या हाताचे होते.

त्यांनी कात्री घेतली आणि शिवण उसवली. आतल्या चोरखिशात पासपोर्ट असायला हवा होता. निघाला एक पुठ्ठा. पासपोर्टाएवढाच, नीट दुमडलेला, बाहेरून चाचपलं तर संशय येऊ नये असा.

"मेले!" काकू म्हणाल्या. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. एकट्याच आल्या होत्या ना!

खरं नाव आहे त्यांना, पण ते त्या पासपोर्टावर. बाकी सगळे शिवणकाकूच म्हणतात. त्यांच्या शिलाई मशीनच्या वर नऊ वर्षं एकच कॅलेंडर टांगलेलं होतं. तारखा कधीच शिळ्या झाल्या होत्या, कॅलेंडर राहिलं ते चित्रासाठी: पांढऱ्या वाळूचं इवलंसं बेट, त्यावर एक दीपस्तंभ, चहूकडे निळं-हिरवं पाणी. गिऱ्हाईक नसलं की काकू तिकडे बघत बसायच्या. यंदा मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाल्या, मी जाऊन येते. एकटी.

घरात गहजब झाला. मुलगा म्हणाला, "या वयात? परक्या मुलखात? तिथे कोण आहे आपलं?" थोरल्या बहिणीने बोलणंच टाकलं. पाठीशी उभी राहिली ती फक्त लेक. "जाऊ दे रे दादा तिला. आई, तू बिनधास्त जा," म्हणाली. खोलीही तिनेच फोनवरून ठरवून दिली. काकूंना हल्ली सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बारा सुयांत काळा दोरा ओवून एका फडक्यात टोचून दिल्या. समोर बसून चोरखिसा शिवताना बघितलाही, आणि पोट धरधरून हसली.

तर हे मोठं बेट. कॅलेंडरातलं धाकटं बेट इथून बोटीने तीन तासांवर. बोट आठवड्यातून एकदाच जाते आणि त्याच संध्याकाळी परत येते. उद्या नऊ वाजता या हंगामातली शेवटची फेरी, मग चार महिने समुद्र बंद. धक्क्यावर चौकी आहे. बाहेरून आलेल्या माणसाचा पासपोर्ट बघितल्याशिवाय बोटीत पाऊल टाकू देत नाहीत.

काकूंनी सुयांचं फडकं उलगडलं. बारांतली एक त्यांनीच वापरली होती, आल्या दिवशी, दार बंद करून, पासपोर्ट आत घालून खिशाचं तोंड शिवायला. अकरा शिल्लक होत्या. दोऱ्यासकट, जशाच्या तशा.

म्हणजे चोर आपली सुई आणि आपला दोरा घेऊन आला, चार बोटं शिवण उसवली, पासपोर्ट काढला आणि बसून परत शिवून गेला. आता बोला! चोरी करून शिवत बसणारा हा चोर कुठला?

२

रडू आलं होतं, नाही असं नाही. पण काकूंनी तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि खुर्ची ओढून विचार करायला बसल्या.

चौकीवर तक्रार करावी, तर कागद मोठ्या शहरात जाणार, नवा पासपोर्ट यायला तीन आठवडे, आणि पहिला फोन जाणार घरी. मग मुलगा विमानात बसून येणार आणि शाळेतून पोर न्यावं तसं हाताला धरून नेणार. बहीण म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? पुन्हा आयुष्यात कुणी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे एकटीला सोडणार नाही. ते बेट कॅलेंडरातच राहील.

"मीच शोधणार," काकूंनी स्वतःला बजावलं. "उद्या नऊच्या आत."

पुठ्ठ्याच्या एका बाजूला हिरवी छपाई होती. डास पळवायच्या कॉइलचं खोकं. तसलं खोकं या पाहुणघराच्या प्रत्येक खोलीत होतं. त्यांच्या खोलीतलं शाबूत होतं. चोरी झाली असेल ती कालच, त्या सकाळी तीन तास किनाऱ्यावर होत्या तेव्हा. कुलूप तोडलेलं नव्हतं.

त्या खाली उतरल्या. मालकीणबाई ओसरीत पपई चिरत होत्या. साठीच्या, जाडजूड, हसऱ्या. उजव्या हातात सुरी सपसप चालत होती. काकूंनी ते आल्या आल्या बघून घेतलं.

"या ताई! झोप लागली का?"

"लागली की. काल माझ्या खोलीत कोण गेलं होतं हो?"

सुरी जराशी थांबली. "का? काही हरवलं?"

"हरवलं नाही. हललंय."

"तांडेल गेला होता. पंखा कुरकुरतो म्हणाला होतात ना? इथे बोटही तोच चालवतो आणि पंखेही तोच नीट करतो. मी किल्ली दिली, अर्ध्या तासात खाली आला. बाकी किल्ली माझ्या कमरेला." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला.

"आणि शेजारचा फोटोवाला?"

"त्याची नि तुमची गच्ची एकच. तुमच्या गच्चीच्या दाराची कडी नीट बसत नाही, ते मी सांगितलं होतं." मालकीणबाईंनी पपईची ताटली पुढे केली. "खा ताई. आणि खरं सांगू का? उद्याची बोट राहू द्या. ऊन फार असतं. इथलाच किनारा काय वाईट आहे?"

काकूंना आठवलं, आल्या संध्याकाळीही बाई अशाच मागे लागल्या होत्या. चहा देता देता म्हणाल्या होत्या, "उभ्या उभ्या अंधारी-बिंधारी येत नाही ना तुम्हाला? बोटीचं आहे म्हणून विचारलं." काकूंनी हसून उडवून लावलं होतं. आणि काल किनाऱ्यावरून परत आल्या, तेव्हा बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून फोनवर बोलत होत्या. या घरात मोबाईलला रेंज मिळते ती त्या एका पायरीवर. काकूंना बघून त्यांनी घाईने "ठेवते हं" म्हणून फोन बंद केला होता.

पण पपई उजव्या हाताने चिरत होत्या. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून घेतलं तेही उजव्याच हाताने.

काकू वळल्या, तेवढ्यात मागून मालकीणबाई म्हणाल्या, "त्या फोटोवाल्याला विचारा ना. बोटीत आठच जागा असतात. तुमची आठवी. त्याचा नंबर नववा."

३

फोटोवाला गच्चीत कॅमेऱ्याच्या भिंगावर फुंकर मारत बसला होता. पंचविशीचा, उन्हाने रापलेला, दाढी आठ दिवसांची. समुद्रपक्ष्यांचे फोटो काढायला आला होता. काकू कठड्याला टेकल्या आणि बघत राहिल्या. भिंग पुसत होता डाव्या हाताने. वहीत काहीतरी खरडलं, तेही डाव्या हाताने.



"काय रे, उद्या बोटीला येणार का?"

"कुठलं काकू! जागा नाही. तांडेलाच्या हातापाया पडलो, पण नाही म्हणजे नाही. त्या बेटावर एक पक्षी अंडी घालतो, चार महिन्यांनी एकही दिसणार नाही." मग जरा लाजत म्हणाला, "तुम्ही रद्द करणार असाल तर सांगा हं."

"मी कशाला रद्द करीन?"

"नाही, मालकीणबाई म्हणाल्या होत्या. काकूंचं नक्की नाही, तू तयार राहा."

"कधी म्हणाल्या?"

"परवा. तुम्ही आलात त्याच रात्री, जेवताना."

काकूंनी ते मनाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं. आधी हातातलं काम. पोरगा डावरा होता, गच्चीचं दार उघडं होतं आणि बोटीतली जागा त्याला हवीच होती. तिन्ही गोष्टी चपखल बसत होत्या. फक्त एकच गोष्ट खटकत होती. त्याच्या शर्टाचं तिसरं बटण गेलेलं होतं आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली होती.

"हे काय ध्यान? बटण कुठाय?"

"खिशात आहे. लावायला येतं कुणाला!"

"अगंबाई! थांब." काकू आत गेल्या आणि फडक्यातली एक सुई घेऊन आल्या. "घे. दोरा ओवलेलाच आहे. लाव माझ्यासमोर."

पोराने बटण घेतलं, सुई घेतली आणि दोन मिनिटांत ती अंगठ्यात खुपसून घेतली. "आई गं!" दुसऱ्यांदा दोरा बटणाच्या भोकातून न जाता बाहेरून गेला. तिसऱ्यांदा शर्टाची पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली गेली. नाटक करणारा माणूस इतकं वाईट शिवू शकत नाही. वाईट शिवायलाही थोडं शिवता यावं लागतं.

"आण इकडे," काकू म्हणाल्या आणि बटण लावून दिलं. बोटं आपोआप चालत होती, डोकं दुसरीकडे होतं. या पोराने हात लावला असता तर अस्तराची चाळण झाली असती. ते टाके मुंगीच्या पावलांएवढे होते, सारख्या अंतराचे. शेवटी गाठसुद्धा मारली नव्हती. एकाच जागी तीन टाके घेऊन दोऱ्याचं टोक आत दडवलं होतं.

"काकू, तुम्ही काहीतरी शोधताय का?"

"हो. एक चांगलं शिवणारं माणूस."

"मग तांडेलाला विचारा की. बोटीचं सगळं छप्पर त्याने स्वतः शिवलंय!"

४

धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. तांडेल बोटीत बसून जाळं दुरुस्त करत होता. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. वर ताडपत्रीचं छप्पर, आणि त्याच्या कडेला हातशिलाई. काकूंनी रामराम शामराम करायच्या आधी मान वर करून टाके बघितले. जाड मेणाचा दोरा, टाके एकसारखे, आणि कल? काकूंच्या स्वतःच्या टाक्यांसारखाच. उजवा हात. जाळंही उजव्या हातानेच विणत होता.

गेला, हाही गेला. काकूंचा चेहरा पडला.

"आठव्या ना तुम्ही?" तांडेलाने कानामागची पेन्सिल काढली आणि एक तेलकट वही उघडली. "बरं झालं आलात. नाव मालकीणबाईंनी दिलंय, बाकीचं विचारतो. पोहता येतं?"

"नाही."

"बरोबर कोण?"

"कुणी नाही. एकटी."

त्याने मान डोलवली, लिहिलं. "काही दुखणं? दम, फेफरं, चक्कर?"

"छे! ठणठणीत आहे मी," काकू म्हणाल्या.

आणि मनातल्या मनात जीभ चावली. कारण ते खरं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. एकदा दुकानात, मशीन धरून सावरल्या. दुसऱ्यांदा न्हाणीघराच्या दारात, आणि तेव्हा घरात लेक होती. तिने उठवून बसवलं, पाणी पाजलं, आणि काकूंनी तिचा हात धरून म्हटलं होतं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. दादाला, मावशीला, कुणाला म्हणून सांगायचं नाही." लेक गप्प बसली होती. पुढे काकू तिच्या नकळत डॉक्टरकडे गेल्या. झटक्यात उठायचं नाही, पाणी पीत राहायचं, प्रवासाला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण तेही काकूंनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीचंही सांगावं लागलं असतं.

"माझा एक नियम आहे," तांडेल जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला. "दुखणं सांगितलं तर मी जागा बदलून देतो. लपवलं आणि मला कळलं, तर उतरवतो. समुद्रात लपवाछपवी मला परवडत नाही." मग पेन्सिल पुन्हा वहीवर टेकवली. "घरचा नंबर?"

काकूंनी नंबर सांगितला. त्याने लिहिला, थांबला, वही जरा लांब धरून बघितली.

"बाई, हा तर तुमचाच नंबर. मालकीणबाईंनी नावाबरोबर दिला होता."

"मग?"

"तुम्ही बुडालात तर तुम्हालाच फोन करून कळवू का?"

काकूंना हसू फुटलं, आणि रागही आला. "एकटी आलेय, एकटीच परत जाईन. घरी कुणाला त्रास द्यायचा नाहीये."

"बरं. उद्या नऊ. पासपोर्ट विसरू नका."

परत येताना काकूंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. तिघांतला डावरा शिवू शकत नव्हता, शिवणारा डावरा नव्हता, आणि किल्लीवाली पपई उजव्या हाताने चिरत होती. मग पासपोर्ट काय पाखरू होऊन उडून गेला? पाहुणघराच्या फाटकाशी पोचल्या, तोच आभाळ काळंभोर झालं आणि या मुलखात येते तशी एकाएकी सर कोसळली. काकू धावत ओसरीत शिरल्या. वाऱ्याने पडदा फडफडत येऊन त्यांच्या तोंडावर बसला.

तो बाजूला करताना त्याची किनार त्यांच्या बोटांखालून गेली, आणि बोटं तिथेच थांबली.

५

मुंगीच्या पावलांएवढे टाके. सारख्या अंतराचे. आणि उलट्या कलाचे.

काकूंनी किनार सबंध चाचपली. शेवटी गाठ नव्हती. एकाच जागी तीन टाके, दोऱ्याचं टोक आत. दुसरा पडदा बघितला, तोही तसाच. जिन्यावरचा, स्वयंपाकघराच्या दारातला, सगळे तसेच. दोन दिवस याच पडद्यांखालून ये-जा करत होत्या आणि बघितलं नव्हतं! शिवणकाम करणाऱ्या बाईला ही गोष्ट फार लागली.

ओसरीच्या पलीकडच्या टोकाला मालकीणबाई न्हाऊन केस विंचरत बसल्या होत्या. लांब, करडे, ओले केस. फणी डाव्या हातात.

काकूंनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता.

"पडदे छान शिवलेत हो. कुणी?"

"मीच. मशीन कुठलं इथे? सगळं हातानेच."

"कुठल्या हाताने?"

फणी केसांत अडकली. मालकीणबाईंनी हळूच ती उजव्या हातात घेतली, मग स्वतःच्याच हाताकडे बघितलं आणि पुन्हा डाव्या हातात घेतली. आता लपवून उपयोग नव्हता.

"लहानपणी डावरी होते मी," त्या म्हणाल्या. "पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की पट्टी बसायची. घरात सुरी धरली की आजी हात झटकायची. मग लिहिणं, चिरणं, जेवण, सगळं उजव्या हाताने शिकले. सुई मात्र कुणी शिकवली नाही. माझी मीच शिकले. त्यामुळे ती राहिली डाव्या हातात."

"आणि फणीही."

"फणीही."

काकूंनी कमरेला खोचलेला पुठ्ठा काढून दोघींच्या मधे ठेवला. हिरवी छपाई वर करून.

"पासपोर्ट द्या, मालकीणबाई."

मालकीणबाईंचे डोळे भरले. उठल्या, आत गेल्या, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला पासपोर्ट आणून काकूंच्या मांडीवर ठेवला. "ताई, मी चोर नाही हो. उद्या बोट गेली की पलंगाखाली सापडला म्हणून परत देणार होते. देवाशपथ."

"ते मला सकाळीच कळलं होतं. चोर अस्तर टराटरा फाडतो. तुम्ही चारच बोटं उसवलंत. नेमकी तीच चार बोटं." काकूंनी पुठ्ठ्यावर बोट टेकवलं. "आणि खरं कोडं तेच आहे. खिसा कुठे आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?"



६

"सांगू नका," काकू म्हणाल्या. "मीच सांगते."

उत्तर त्यांना येत होतं. येऊ नये असं वाटत होतं, पण येत होतं. शिवण एकदा सुटायला लागली की अर्ध्यावर थांबत नाही.

"या बेटावर मी त्या खिशाचं तोंड दार लावून शिवलं. इथल्या कुणी तो पाहिलेला नाही. म्हणजे ज्याने सांगितलं ते माणूस इथलं नाही, माझ्या घरचं आहे. आता दुसरी गोष्ट. आल्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, अंधारी येते का. बोटीचं म्हटलं की लोक विचारतात मळमळतं का, उलटी होते का. अंधारीचं कोण विचारतं? ज्याला कुणीतरी अंधारीचं सांगितलंय तोच. त्याच रात्री तुम्ही फोटोवाल्याला तयार राहा म्हणालात. मी अजून पिशवीही उघडली नव्हती नीट, तेव्हाच तुम्हाला माहीत होतं की मी जाणार नाही." काकूंनी पासपोर्टावरून अंगठा फिरवला. "खिसा शिवताना माझ्यासमोर एकच माणूस बसलं होतं. माझी अंधारीही त्याच एका माणसाने बघितली. आणि तुमच्याकडची खोलीही त्यानेच ठरवली."

"फोनवर रडत होती हो पोरगी," मालकीणबाई कळवळून म्हणाल्या. "म्हणाली, मी अडवलं तर शपथ मोडते आणि आईचं मन मोडतं. नाही अडवलं आणि बोटीत काही झालं तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. तुम्ही एवढं करा. माझीही लेक आहे ताई. वर्षातून एकदा फोन करते, तोही घाईघाईत. कुणाची लेक आईसाठी इतकी रडताना ऐकली, तर नाही कसं म्हणणार होते मी?"

काकूंना राग आला होता. फार आला होता. मुलगा तोंडावर नको म्हणाला, बहीण तोंडावर रुसली, आणि जी हसत हसत "बिनधास्त जा" म्हणाली, बारा सुया ओवून दिल्या, तिनेच मागून दोरी ओढली! पासपोर्ट पदरात घट्ट धरून त्या जिन्यापाशी गेल्या आणि तिसऱ्या पायरीवर बसल्या. एकाच घंटीत फोन उचलला गेला.

"आई? बरी आहेस ना?"

"पासपोर्ट सापडला मला."

 पलीकडून हुंदका आला. "आई, मी..."

"सगळं कळलंय. टाक्यांवरून कळलं."

"मग मी काय करायला हवं होतं, सांग ना!" लेक एकदम भडकली, रडता रडता. "दारात पडलेली तू मला दिसतेस रोज! डोळे मिटले की दिसतेस! दादाला सांगू नको म्हणालीस, मावशीला सांगू नको म्हणालीस. तुला गळ्याची शपथ घालायला काय जातं? ती घेऊन मला झोपावं लागतं!"

काकूंच्या तोंडात मारल्यासारखं झालं. सकाळपासून त्या चोर शोधत होत्या, आणि तो सापडल्यावर त्याला काय काय सुनवायचं तेही ठरवलं होतं. ते सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. 

"डॉक्टरकडे गेले होते मी," त्या म्हणाल्या. "प्रवासाला हरकत नाही म्हणाले. झटक्यात उठायचं नाही, एवढंच."

"काय? कधी?"

"महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं. चुकलं माझं. माझी शपथ मी परत घेते, बाळा. दादाला सांग, मावशीला सांग, गावभर दवंडी पिटव हवी तर." काकूंनी डोळे पुसले. "पण उद्या मी जाणार. तुझ्यावर रागावून नाही हं. मला जायचंय म्हणून. आणि पुन्हा माझ्या पाठीमागे असलं काही करायचं नाहीस."

"नाही करणार." मग लेकीने बारीक आवाजात विचारलं, "तिकडे फोन लागतो का?"

"नाही लागत."



"मग परत आलीस की लगेच कर," लेक म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी साडेआठला धक्क्यावर सात माणसं उभी होती. फोटोवाला नवव्या नंबरच्या आशेने कॅमेरा गळ्यात घालून आला होता. मालकीणबाई पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आल्या होत्या आणि काकूंपासून जरा लांबच उभ्या होत्या. काकूंनी स्वतः जाऊन बाटल्या त्यांच्या हातातून घेतल्या. "पडद्यांची शिवण मला शिकवा परत आल्यावर," म्हणाल्या. "इतके बारीक टाके मलाही येत नाहीत." मालकीणबाई रडत रडत हसल्या.

चौकीवरच्या शिपायाने पासपोर्ट बघितला, शिक्का मारला. आता बोट चार पावलांवर होती. काकू तांडेलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. छाती धडधडत होती. काल पासपोर्ट गेला तेव्हाही इतकी धडधडली नव्हती.

"तांडेलदादा, काल मी खोटं बोलले. मला अंधारी येते. तीन महिन्यांत दोनदा आली. डॉक्टरांची परवानगी आहे, पण येते."

बोटीतले सातही जण बघायला लागले. फोटोवाल्याचा चेहरा आधी उजळला, मग त्याचीच त्याला लाज वाटली आणि तो पाण्याकडे बघायला लागला. तांडेल मिशीवरून हात फिरवत काकूंकडे बघत राहिला.

"नियम ठाऊक आहे ना माझा?"

"ठाऊक आहे. लपवलं तर उतरवता. म्हणून चढायच्या आधी सांगतेय."

 काकू जागच्या हलल्या नाहीत. नऊ वर्षं ते चित्र बघत काढली होती; अजून दोन मिनिटं उन्हात उभं राहणं त्यांना जड नव्हतं.

"मधे बसायचं," तांडेल शेवटी म्हणाला. "खाली, फळीवर, माझ्या पायाशी. तरंगायचं जाकीट अंगातून काढायचं नाही. मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. आणि तिकडे दीपस्तंभावर चढायचं नाही. ऐंशी पायऱ्या आहेत."

 चित्रातल्या त्या दीपस्तंभावर त्या मनाने हजारदा चढल्या होत्या. "दहा तरी?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"पाच तर पाच."

तांडेलाने वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि कालची ओळ खोडली. "दुखणं, अंधारी," तो लिहिता लिहिता पुटपुटला. "बरोबर कोण?"

"कुणी नाही. एकटी."

"घरचा नंबर?"

काकूंनी जाकिटाचा पट्टा आवळला, त्याचा आधाराचा हात धरून बोटीत पाऊल टाकलं, आणि लेकीचा नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश, त्याने पेन्सिलीने लिहून घेईपर्यंत.